जुन्या पोर्शे बॉक्स्टरची मॉड्यूल दुरुस्त करावीत की नवी टाकावीत?

तुम्ही विचारलंय की गाडी २००३ची बॉक्स्टर आहे, जळगावात उघड्यावर उभी असते, पहिल्या जोरदार पावसानंतर रिमोट बंद पडला, गाडी चावी ओळखत नाही, एबीएसचा दिवा विझत नाही, आणि वर्कशॉप म्हणतंय इमोबिलायझर (चावी ओळखूनच गाडी सुरू होऊ देणारं) आणि एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारं) ही दोन्ही मॉड्यूल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्डाचे बॉक्स, नवी टाका. काय करावं?

भाऊ, आधी दुरुस्ती बघा. आणि नवं घ्यायची वेळ आलीच, तरी जुनं मॉड्यूल कुणाच्या हवाली करू नका. मी भुसावळला शेतीपंपाचे पॅनेल, इन्व्हर्टर आणि गाड्यांचे ईसीयू (इंजिन चालवणारे कॉम्प्युटर) दुरुस्त करतो, त्या अनुभवावरून सांगतोय.

तुमच्या गाडीत पाणी शिरलंय, असं लक्षणांवरून मला जवळजवळ नक्की वाटतं. बॉक्स्टरच्या या पहिल्या पिढीत (१९९६ ते २००४) कापडी छताच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांत पाणी वाहून जायला भोकं आहेत. ती तुंबली की पाणी सीटमागून आत उतरतं आणि सीटखालच्या खोलगट जागेत साचतं. चावी आणि सेंट्रल लॉक सांभाळणारं मॉड्यूल, म्हणजे तेच इमोबिलायझर, नेमकं तिथेच, गालिच्याखाली बसवलेलं आहे. आपल्याकडे सावली म्हणून गाडी कडुलिंबाखाली लावतात. चैत्राआधी पानगळ होते, जूनच्या तोंडावर लिंबोळ्या पडतात, आणि पाऊस येईस्तोवर भोकं गच्च बसलेली असतात. ती तारेने किंवा जोरदार हवेने साफ करू नका, आतली नळी निसटते. ठिबकची मऊ मायक्रोट्यूब घाला, हळूहळू फिरवा, मग तांब्याभर पाणी ओतून ते गाडीखाली पडतंय का बघा.

त्याआधी एक गोष्ट आजच करा. गालिचा हाताने दाबून बघा. ओल लागली तर चावी फिरवायचीच नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. ओल्या बोर्डाला करंट मिळाला की तांब्याचे ट्रॅक काही तासांत हिरवे पडून खाल्ले जातात. करंट नसेल तर तोच बोर्ड बराच काळ तग धरतो. सीट काढताना खालचा कनेक्टर सुटतो, त्यात सीटबेल्टच्या प्रीटेन्शनरची (धडकेत पट्टा आवळणाऱ्या यंत्रणेची) वायर असते. तो सुटलेला असताना इग्निशन चालू केलं तर एअरबॅगचा दिवा लागतो आणि मग स्कॅनरशिवाय (गाडीतले बिघाड वाचून पुसणाऱ्या यंत्राशिवाय) जात नाही.

मॉड्यूलचा बॉक्स उघडल्यावर टॉर्च तिरपी धरून बोर्ड बघा. कनेक्टरच्या पिनांच्या मुळाशी पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड दिसेल. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश घेऊन ती काढायची, बोर्ड पूर्ण सुकवायचा, मग मायक्रोस्कोपखाली तुटलेला ट्रॅक शोधून बारीक वायरने जोडायचा. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये मोबाइलचे बोर्ड करणाऱ्या मुलांचा हात यात चांगला बसलेला असतो. काम त्यांच्याकडून जरूर करून घ्या, पण साफसफाईच्याही आधी त्यांना एकच सांगा: बोर्डावरच्या छोट्या मेमरी चिपमधला डेटा काढून ठेवा. दोनदा वाचायचा, दोन्ही फाइल तंतोतंत जुळल्या तरच खरा मानायचा.

कारण गाडीची ओळख त्या चिपमध्ये आहे. तुमच्या चाव्यांचे कोड तिथे आहेत, आणि इंजिनच्या ईसीयूशी जुळणारा कोडही. परदेशातून भंगारातलं मॉड्यूल मागवलंत तर पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत तोच असला तरी आत दुसऱ्याच्या चाव्या असतात, गाडी सुरू होत नाही. मग एक तर त्या गाडीचा ईसीयू, इमोबिलायझर आणि चावी असा पूर्ण संच घ्यावा लागतो, नाहीतर तुमच्या जुन्या चिपचा डेटा त्यात उतरवावा लागतो. कोरं नवं घेतलं तर अधिकृत वर्कशॉपला चेसिस नंबरवरून कोड मागवून कंपनीच्या टेस्टरने भरावे लागतात. मूळ बोर्ड दुरुस्त झाला तर हे सगळं टळतं, म्हणून माझा कल ठामपणे दुरुस्तीकडे आहे. बोर्डाच्या आतल्या थरातले ट्रॅक जळाले असतील किंवा प्रोसेसरच्या पिनाच उरल्या नसतील, तेव्हाच बदला. कोडिंग करून घेताना गाडीला स्थिर सप्लाय लावायला सांगा. मध्येच व्होल्टेज पडलं किंवा लाइट गेली तर चांगलं मॉड्यूल हातचं जातं, आणि आपल्याकडच्या लाइटीचा भरवसा तुम्हाला ठाऊकच आहे.

एबीएसचं मॉड्यूल मात्र इतक्यात दोषी धरू नका. बॅटरी कमजोर असेल तरी तो दिवा लागतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ मिळायला हवेत. गाडी सुरू झाली की स्कॅनरवर चारही चाकांचा वेग बघत सरळ रस्त्याने सावकाश चालवा. एकच आकडा शून्यावर अडकला किंवा उड्या मारत असेल तर आधी तो सेन्सर आणि त्याची वायर बघा. हे सगळं ठीक निघालं, आणि दिवा थंड गाडीत विझून तापल्यावर परत लागत असेल, तर मॉड्यूलवर संशय घ्या. त्या काळच्या बॉशच्या एबीएस युनिटांत बोर्डापासून पिनांपर्यंत केसाएवढ्या अॅल्युमिनियमच्या तारा असतात, त्या वर्षानुवर्षं तापून-निवून सुटतात. अॅल्युमिनियमला साधा कथील धरत नाही, म्हणून हे काम मोबाइलवाल्यांकडे देऊ नका. फक्त एबीएसचीच युनिट करणारे लोक आहेत, त्यांच्याकडे कुरिअरने पाठवा. बऱ्याच गाड्यांत इलेक्ट्रॉनिक भाग हायड्रॉलिक ब्लॉकपासून वेगळा सुटतो, ब्रेक ऑइलची लाइन उघडावी लागत नाही. मेकॅनिकला तेवढं आधी बघायला लावा. परत बसवल्यावर रिकाम्या रस्त्यावर कमी वेगात करकचून ब्रेक मारून खात्री करा, मगच हायवेला न्या.

उन्हाचंही बघायला हवं. मेमध्ये बाहेर ४५ अंश असताना बंद गाडीत डॅशबोर्ड ७०च्या पुढे जातो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांमागे साधारण निम्मं होतं. त्यामुळे कुठलाही जुना बोर्ड उघडला की त्यावरचे कपॅसिटर तपासून घ्या, फुगलेले किंवा गळलेले लगेच बदला. गळलेल्याला सोल्डरिंग गन लावली की कधीकधी मासळीसारखा वास येतो, त्यावरूनही कळतं. नवे १०५ अंशांपर्यंत तापमान सोसणारेच टाका.

एअरबॅगचं मॉड्यूल मी उघडत नाही, तुम्हीही कुणाला उघडू देऊ नका. ते खराब निघालं तर सरळ नवं घ्या.