परदेशातल्या सर्किटवर रेस करायला गेलेल्या हौशी ड्रायव्हरचा वीकेंड नेमका कसा जातो?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात, एक म्हणजे असा वीकेंड प्रत्यक्षात कसा जातो, आणि दुसरी म्हणजे सिम्युलेटरवर ट्रॅक पाठ करून गेलं तर पहिल्या दिवसापासून वेगात चालवता येतं का. मी बेल्जियममध्ये स्पा-फ्रँकोरशाँला एक वीकेंड रेस करून आलोय, माझदा एमएक्स-५ या छोट्या दोन सीटच्या स्पोर्ट्स कारमध्ये, गाडी तिथल्याच एका टीमकडून भाड्याने घेतली होती, त्यामुळे जे सांगतोय ते तेवढ्या अनुभवावरचं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो: ट्रॅक पाठ होतो, पण वेग काही पाठ होत नाही. मला तीन दिवसांत धड एक कॉर्नर शिकता आला आणि खरं सांगतो, तेवढ्यासाठीसुद्धा मी परत जाईन.

आधी वेळेचा हिशोब बघा. शुक्रवारी अर्ध्या अर्ध्या तासाची दोन प्रॅक्टिस, शनिवारी वीस मिनिटं क्वालिफाइंग, म्हणजे रेसमध्ये कोण कितव्या जागेवरून सुटणार ते ठरवणारे लॅप, आणि दुपारी तीस मिनिटांची रेस, रविवारी परत तीस मिनिटांची दुसरी रेस, म्हणजे तीन दिवसांत गाडीत बसणं अडीच ताससुद्धा नाही. एमएक्स-५ ला तिथे एका लॅपला तीन मिनिटांच्या आसपास लागतात कारण ट्रॅकच ७.००४ किलोमीटरचा आहे, त्यामुळे सगळं धरून चाळीसेक लॅप मिळतात, आणि त्यातले पिटमधून बाहेर पडायचे, परत यायचे, पिवळ्या झेंड्याखालचे (पुढे धोका आहे, हळू चला) काढले की मनासारखे लॅप किती उरतात ते तुम्हीच मोजा. बाकी सगळा वेळ वाट बघण्यात, कागदात, टायरमध्ये आणि डेटा बघण्यात जातो. पण हा वेळ फुकट जातो असं समजू नका, मला उलट वाटतं खरं शिकणं तिथेच होतं.

कागदांचं पटकन सांगतो. तुमच्या देशाच्या मोटरस्पोर्ट फेडरेशनचं लायसन्स लागतं, भारतात ते एफएमएससीआय देते, आणि सीरिज कुठल्या दर्जाची आहे त्यावर ठरतं की इंटरनॅशनल ग्रेडचं लायसन्स हवं की नॅशनल लायसन्सवर परदेशात रेस करायची लेखी परवानगी चालेल. हे निघायच्या आठवड्यात करायचं काम नाही, बरंच आधी लागा. मेडिकल सर्टिफिकेट जवळ ठेवा. स्क्रुटिनीअरिंगला, म्हणजे रेसआधीच्या तपासणीला, हेल्मेट, हान्स (अपघातात मान सांभाळणारं साधन), सूट, ग्लोव्हज, बूट, आतले अग्निरोधक कपडे, सगळ्यावरची एफआयएची, म्हणजे मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेची, लेबलं बघतात, सूटचं लेबल मागे कॉलरला शिवलेलं असतं, तिथे खरंच कॉलर उलटून बघितली माझी. आणि गाडी भाड्याची असेल तर डॅमेज डिपॉझिटचा करार दोनदा वाचा, कुठल्या रकमेपर्यंत नुकसान तुमच्या अंगावर आहे, इंजिन त्यात धरलंय का, दुसऱ्याने येऊन ठोकलं तर कोण भरणार, हे सगळं सही करायच्या आधी विचारून घ्या, विचारायला लाजू नका.

गुरुवारी संध्याकाळी मी ट्रॅक पायी चाललो. सिम्युलेटरवर त्या ट्रॅकचे शेकडो लॅप झाले होते माझे, डोळे मिटून कॉर्नर सांगू शकलो असतो, पण ला सूर्सच्या, म्हणजे पहिल्याच वळणाच्या, हेअरपिनवरून खाली उतरून ओ रूजच्या तळाशी उभा राहिलो आणि वर बघितलं तर समोर रस्ता नव्हता, भिंत होती. ओ रूज हे खरं तर तिथून वाहणाऱ्या ओढ्याचं नाव, पाण्यातल्या लोहामुळे तो तांबूस दिसतो, आणि त्याच्या पलीकडे जो चढ लागतो तो रेदियाँ. आपण टीव्हीवर बघून सगळ्यालाच ओ रूज म्हणतो. तो चढ चालताना पोटऱ्या भरून आल्या. ट्रॅकच्या सगळ्यात खालच्या आणि सगळ्यात वरच्या जागेत साधारण शंभर मीटरचा फरक आहे आणि टीव्हीच्या कॅमेऱ्यात तो निम्मासुद्धा दिसत नाही. २०१९ मध्ये इथेच फॉर्म्युला टूच्या रेसमध्ये आंत्वान ह्यूबेर हा फ्रेंच ड्रायव्हर अपघातात गेला, त्यानंतर २०२२ पर्यंत तिथले रनऑफ, म्हणजे ट्रॅकबाहेरची मोकळी जागा, वाढवून ग्रॅव्हल (खडी) टाकलंय. मी तिथे दोन मिनिटं नुसता उभा होतो. दुसऱ्या दिवशी गाडीतून जाताना तळाशी शरीर सीटमध्ये दाबलं जातं, मग वर गाडी हलकी होते आणि समोर फक्त आकाश दिसतं, आणि तुम्हाला पुढचं डावं वळण दिसायच्या आधीच स्टीअरिंग फिरवावं लागतं. हे सिम्युलेटर सांगत नाही.

प्रॅक्टिसमध्ये मला एका गोष्टीने फार छळलं, ज्याचा मी आधी विचारच केला नव्हता. गाडी लेफ्ट-हँड ड्राइव्ह. उजव्या हाताने गिअर टाकायची सवय तासाभरात होते, ते काही नाही, पण मी आयुष्यभर गाडीच्या उजव्या बाजूला बसून चालवलंय, म्हणजे उजवं चाक नेमकं कुठे आहे हे अंगाला माहीत असतं. इथे उजव्या वळणाचा ॲपेक्स, म्हणजे वळणाचा सगळ्यात आतला बिंदू, पार पलीकडच्या सीटच्या बाजूला. मला वाटायचं कर्बला, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंच पट्टीला, चाक लावलं, आणि व्हिडिओत बघितलं तर कर्ब चांगला मीटरभर लांब, ला सूर्सला तसं, ब्रुसेल कॉर्नरला तसं, स्ताव्हलोला पण तसंच. मीटरभर म्हणजे थोडंसं वाटतं पण वळणाची त्रिज्याच बदलते हो, आणि प्रत्येक लॅपला प्रत्येक उजव्या वळणात तेच.

आता तो एक कॉर्नर. पूओं. ट्रॅकच्या मधल्या भागात उतारावर लागणारं लांबलचक दुहेरी डावं वळण, वेग भरपूर, आणि आत शिरताना त्याचा शेवट कुठे आहे ते कळत नाही. मी तिथे उशिरा ब्रेक मारत होतो, जोरात, आणि मग गाडी आत वळवली की मागचा भाग हलायचा, मी घाबरून थांबायचो, आणि गाडी शांत झाली की मग ॲक्सिलरेटर. मला वाटत होतं माझ्यात धाडस कमी पडतंय. प्रॅक्टिसनंतर टीमच्या इंजिनिअरने माझा डेटा, म्हणजे गाडीत नोंदलेला वेग आणि ब्रेक, आणि त्याच टीममधल्या एका वेगवान ड्रायव्हरचा डेटा स्क्रीनवर एकावर एक ठेवला, माझी रेष लाल, त्याची निळी. तो माझ्या आधी ब्रेक दाबत होता! चांगला वीसेक मीटर आधी, पण हलका, आणि गाडी वळवायच्या आधीच जवळजवळ सगळा सोडून द्यायचा, मग पहिल्या ॲपेक्सच्या आधीपासून थोडा थोडा ॲक्सिलरेटर. वळणातला त्याचा कमीत कमी वेग माझ्यापेक्षा ताशी आठ किलोमीटर जास्त.

इंजिनिअरने ते फार साध्या शब्दांत समजावलं. उतारावर गाडीचं वजन आधीच पुढे झुकलेलं असतं, त्यात तू जोरात ब्रेक मारतोस म्हणजे उरलंसुरलं पण पुढे ढकलतोस, मागच्या चाकांवर काहीच राहत नाही, आणि नेमकं तेव्हाच तू स्टीअरिंग फिरवतोस. मग ती हलणारच. थोडा ॲक्सिलरेटर दिला की वजन मागे जातं आणि गाडी बसते. हे मी दहा ठिकाणी वाचलं होतं, पण आपल्या चुकीची रेष आपल्या डोळ्यांसमोर लाल रंगात दिसणं वेगळं. तेव्हापासून मी कोणालाही सांगतो, पैसे कमी असतील तर नवे टायर एक सेट कमी घ्या पण डेटा समजावणारा माणूस असेल अशीच टीम बघा.

टायरवरून आठवलं, प्रेशरकडे लक्ष ठेवा. टायर दहा अंश तापला की प्रेशर साधारण ०.१ बार वाढतं, म्हणून थंड असताना कमी भरून निघतात आणि पिटमध्ये आल्या आल्या, गार व्हायच्या आत, मोजतात. स्पा ज्या आर्देनच्या जंगलात आहे तिथे सकाळी अंगात जॅकेट लागतं आणि दुपारी ऊन, त्यामुळे सकाळचा आकडा दुपारी उपयोगाचा नाही.

शनिवारी क्वालिफाइंगच्या आधी ब्रीफिंग असतं, ते चुकवलं तर दंड होतो. तिथे रेस डायरेक्टरने स्पष्ट सांगितलं होतं की ट्रॅकची हद्द म्हणजे पांढरी रेघ, कर्ब नाही, चारही चाकं रेघेबाहेर गेली की नोंद होणार. मी ऐकलं, मान हलवली, आणि डोक्यात मात्र माझ्या नेहमीच्या सर्किटची सवय, तिथे कर्ब चालतो. क्वालिफाइंगमध्ये चौतीस गाड्यांत बाविसावा आलो.

पहिली रेस रोलिंग स्टार्ट, म्हणजे उभ्याने नाही, चालत्या गाड्यांनीच सुरुवात. ला सूर्सला सगळे एकदम आत घुसतात, पुढचे ब्रेक मारतात आणि मागचा अख्खा घोळका ॲकॉर्डियनसारखा दबतो, तिथे मी मुद्दाम बाहेरून गेलो आणि दोन जागा मिळाल्या. सहाव्या लॅपला ले कोंबच्या वर काचेवर थेंब दिसले. स्पाचं हे ऐकून माहीत होतं, ट्रॅक एवढा लांब की एका टोकाला ऊन आणि दुसरीकडे पाऊस, आणि २०२१ ला तर पावसाने फॉर्म्युला वनची रेससुद्धा सेफ्टी कारच्या मागे थोडेसे लॅप करून संपवावी लागली होती, अर्धे पॉइंट दिले. तर उतरताना मार्शलने (ट्रॅकच्या कडेला उभं राहून झेंडे दाखवणारा माणूस) पिवळा-लाल पट्ट्यांचा झेंडा धरलेला, म्हणजे पुढे निसरडं आहे. समोर पूओं. माझ्या पुढची गाडी नेहमीच्या रेषेने गेली. ओल्या ट्रॅकवर तीच रेषा सगळ्यात वाईट, कारण रबर बसून ती गुळगुळीत झालेली असते, पाणी पडलं की साबण. मी गाडीभर बाहेरून घेतली, ब्रेक हलका, लवकर सोडला, ॲक्सिलरेटर इतका हळू की पायाच्या अंगठ्याने दाबतोय असं वाटत होतं. पुढची गाडी आतल्या आत फिरली आणि ग्रॅव्हलमध्ये गेली, मी बाजूने निघालो, हात थरथरत होते पण गाडी हलली नाही. फेरी संपवून ला सूर्सला आलो तर तिथे रस्ता कोरडा.

सतरावा आलो. आणि तासाभराने निकालाचा कागद लागला त्यात एकविसावा, रेदियाँच्या वर बाहेर पडताना पांढरी रेघ तीनदा ओलांडली म्हणून दहा सेकंदांची पेनल्टी. वाईट वाटलं, खूप वाटलं, जेवण गेलं नाही त्या रात्री. पण नोंदी बरोबर होत्या, मी स्वतःचा व्हिडिओ बघितला, तीनही वेळा चारही चाकं बाहेर. तुम्ही जाल तेव्हा त्या सर्किटचा हद्दीचा नियम कागदावर लिहून डॅशबोर्डवर चिकटवा, मी दुसऱ्या रेसला तेच केलं.

रविवारची रेस कोरडी होती आणि ती माझी आजवरची सगळ्यात चांगली रेस, नंबराच्या हिशोबाने नाही, पंधरावा आलो. पण पूओंमध्ये प्रत्येक लॅपला मी माझ्या पुढच्याच्या जवळ जात होतो, तो ब्रेकवर असताना माझा पाय ॲक्सिलरेटरवर, आणि चौथ्या लॅपला तिथून बाहेर पडताना वेग एवढा जास्त होता की पुढच्या वळणाच्या आधीच त्याच्या शेजारी पोचलो आणि ब्रेकच्या आधी पुढे निघालो. चेकर्ड फ्लॅगनंतरच्या हळू लॅपला नारिंगी कपड्यातले मार्शल कठड्यापाशी येऊन हात हलवतात. मी प्रत्येक पोस्टला हात केला, पावसात दिवसभर उभे राहतात हो ही माणसं.

संध्याकाळी सामान भरता भरता इंजिनिअरने परत लॅपटॉप उघडला, तीच लाल आणि निळी रेष, या वेळी रविवारची. पूओंला दोघींमध्ये नखाएवढं अंतर उरलं होतं, ला सूर्सला अजून चांगलं बोटभर. ती फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन आलोय, आणि सध्या ला सूर्सचाच तुकडा रोज बघतोय.