बीडीएनएफ कमी आलं, म्हणजे मेंदूत कमी आहे का?

प्रौढ वयात ऑटिझमचं निदान झालंय, सीरममधलं (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवातलं) बीडीएनएफ, म्हणजे मेंदूच्या पेशींना वाढायला आणि टिकायला मदत करणारं प्रथिन, कमी आलंय आणि आता ते वाढवायला हवं का, असा तुमचा प्रश्न आहे. या आकड्यावरून उपचार ठरवू नका.

रक्तातलं बहुतेक बीडीएनएफ प्लेटलेटमध्ये, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशींमध्ये, साठलेलं असतं. नळीत रक्त गोठताना ते बाहेर पडतं, म्हणून सीरमचा आकडा प्लाझ्माच्या (न गोठलेल्या रक्तातल्या द्रवाच्या) कित्येक पट येतो. रक्त गोठायला दहा मिनिटं दिली की तासभर, यानेही तो बदलतो. प्लाझ्मा मोजायचा तर ईडीटीए नळी (रक्त गोठू न देणारी) थंड ठेवून प्लेटलेट निघून जातील इतकं, शक्यतो दोनदा, सेंट्रिफ्यूज करावं लागतं. मागे राहिलेल्या प्लेटलेट नमुना गोठवून वितळवताना फुटतात आणि आकडा फुगतो. शिवाय बरेच एलायझा किट (प्रथिनं मोजायची नेहमीची चाचणी) पक्व बीडीएनएफ आणि त्याचं पूर्वरूप एकत्रच मोजतात. पेशींवर या दोघांचे परिणाम मात्र बऱ्याच बाबतींत उलटे.

मग प्रौढांवरचे अभ्यास? २००६ मध्ये जपानमध्ये १८ ऑटिस्टिक पुरुष आणि १८ इतर पुरुष तपासले, ऑटिस्टिक गटात सीरम बीडीएनएफ कमी निघालं. २००७ मध्ये ईजीएफ आणि टीजीएफ-बीटा-१ या दोन वाढघटकांबद्दलही तिथून तसेच निष्कर्ष आले. गंमत म्हणजे हे दोन्ही घटकही प्लेटलेटमध्येच साठतात. ऑटिझममध्ये रक्तात वाढलेलं दिसणारं सेरोटोनिन हे रसायन, जे १९६१ पासून माहीत आहे, तेही तिथेच. त्यामुळे फरक मेंदूतला की प्लेटलेटमधला, हे सीरम सांगू शकत नाही. लहान मुलांचे अभ्यास एकत्र केले तर बीडीएनएफ उलट जास्त दिसतं.

गटांच्या सरासरीत फरक असला तरी एका माणसाचं निदान त्यावरून होत नाही. सरासरीतला फरक अर्ध्या प्रमाण विचलनाएवढा (प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) धरला, तर दोन्ही गटांचे आलेख सुमारे ८० टक्के एकमेकांवर बसतात.

तरीही पुन्हा तपासायचंच असेल तर तीच लॅब, सकाळची तीच वेळ, आदल्या दिवशी जोरदार व्यायाम नको आणि सोबत प्लेटलेटची संख्या घ्या. अँटिडिप्रेसंट चालू असेल तर लॅबला सांगा, त्याने बीडीएनएफ वाढू शकतं.

रक्तात मोजल्या जाणाऱ्या आयजीएफ-१ या आणखी एका वाढघटकाची गोष्ट वेगळी. ते मुख्यतः यकृतातून येतं आणि त्याला वयानुसार संदर्भमूल्यं आहेत. कमी आलं तर कुपोषण, यकृताचा आजार, पिट्यूटरी या मेंदूखालच्या ग्रंथीचा विकार किंवा तोंडाने घेतलेलं इस्ट्रोजेन हे आधी पाहतात. तो रिपोर्ट एंडोक्रिनॉलॉजिस्टला (हार्मोनच्या डॉक्टरांना) दाखवा. बीडीएनएफच्या रिपोर्टवरून मात्र चालू गोळी बंद करू नका आणि नवं सप्लिमेंटही सुरू करू नका.