बायपासनंतर फुफ्फुसात कफ साचू नये म्हणून काय करावं?

वडिलांची बायपास पुढच्या आठवड्यात गोव्यात बांबोळीला, त्यांना बिडीची सवय, नंतर कुडाळला घरी आणायचंय आणि डॉक्टरांनी न्यूमोनियाची भीती घातलीय, असं तुम्ही लिहिलंय. मी सिंधुदुर्गातच फिजिओथेरपिस्ट आहे. ऑपरेशनची वाट बघू नका, तयारी आजच सुरू करा. बिडी आजपासून बंद. 'आठवड्याने काय फरक पडतोय?' असं ते म्हणतील. पडतो.

तीन गोळ्यांचं स्पायरोमीटर, म्हणजे श्वास ओढला की आतल्या प्लास्टिकच्या गोळ्या वर उचलल्या जातात ते श्वासाच्या व्यायामाचं साधन, मेडिकलमधून आत्ताच आणा, डॉक्टरांना विचारून सराव सुरू करा. बहुतेक पेशंट त्यात फुंकर मारतात. फुंकायचं नाही, ओढायचं! नळी ओठांत घट्ट धरून सावकाश श्वास आत घ्यायचा आणि गोळी तीन ते पाच सेकंद वर टिकवायची. ६०० आकड्याची, म्हणजे सगळ्यात सहज उचलली जाणारी, एकच गोळी टिकली तरी चालेल, तिन्ही टणाटण उडवण्यात काही अर्थ नाही. ऑपरेशननंतर जागेपणी दर तासाला दहा वेळा, मध्ये दम खात, नाहीतर चक्कर येते.

छातीचं हाड उभं कापून स्टीलच्या तारांनी बांधतात. दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, खोकला दाबतो. मग फुफ्फुसाच्या तळाचे वायुकोश मिटतात, कफ तिथेच अडकतो आणि जंतूंचं फावतं. त्यात भेटायला आलेली आत्या हमखास सांगणार, "खोकू नको रे, टाके तुटतले!" मला आजारापेक्षा ही माया जास्त जड जाते. उशी छातीशी दोन्ही हातांनी घट्ट कवटाळून खोकलं की टाके तुटत नाहीत. डॉक्टरांनी लिहिलेली दुखण्याची गोळी 'उष्ण पडते' म्हणून चुकवू नका. ती घेतल्यावर अर्ध्या तासाने व्यायाम केला तर श्वास खोल जातो.

घरी दिवसभर आडवं पडणं नको. जेवण बसून, पाऊस असेल तर पडवीतच फेऱ्या. चुलीच्या धुरापासून लांब. उठताना हातांवर जोर न देता कुशीवर वळून पाय खाली सोडायचे. रहाट ओढणं, नारळ सोलणं साधारण तीन महिने बंद, पुढचं सर्जन सांगतील तसं.

ताप, हिरवट-पिवळा कफ, एका पोटरीला सूज, खोकताना हाड कटकट वाजणं, यातलं काही दिसलं तर काढा-वाफेवर रात्र काढू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. बसल्या जागी धाप लागली तर थेट १०८ ला फोन.