‘सर, मला काहीच व्हायचं नाहीये’

मुलांना स्वतःची वाट शोधायला मदत करणाऱ्या मेंटरांना मी प्रशिक्षण देते. त्याचं तिसरं सत्र संपलं, सगळे निघाले आणि एक सर मागे थांबले. गणित शिकवतात, आयुष्य मुलांमध्ये गेलेलं. दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, मी बहुतेक एका पोराचं नुकसान केलंय."

(दोघांना विचारूनच हे लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मुलगा सतरा वर्षांचा. लहानपणापासून एकच उत्तर पाठ, इंजिनिअर होणार. सरांशी त्याच्या दोनच बैठका झाल्या होत्या आणि दुसरीच्या शेवटी तो म्हणाला, "सर, मला काहीच व्हायचं नाहीये." सरांची झोप उडाली. "चांगलं ठरलेलं होतं त्याचं. मी उगाच ढवळलं. त्याच्या वडिलांना फोन करू का?"

स्वतःचा शोध घ्यायला लावलं तर मूल भरकटेल, ही भीती मला जवळजवळ प्रत्येक तुकडीत भेटते. पण त्या दिवशी त्या भीतीकडे वळण्याआधी मला वेगळं विचारायचं होतं. मुलगा झोपतोय का, जेवतोय का? मित्रांत मिसळतोय का? जगण्यातच अर्थ नाही, असं काही बोलला का? सर गडबडले. "असं थेट विचारायचं? त्याच्या डोक्यात नसेल तर आपणच घालू ना?" तसं होत नाही. शांतपणे, सरळ शब्दांत विचारल्याने आत्महत्येचा विचार मनात पेरला जात नाही. उलट जो एकटाच तो विचार वाहत असतो, त्याला बोलायला वाट मिळते. आणि उत्तर ‘हो’ आलं, तर मुलाला एकटं न सोडता त्याच दिवशी तज्ज्ञांपर्यंत न्यायचं. तिथे मेंटरने एकट्याने काही निस्तरायला जायचं नाही. ‘तुझं बोलणं माझ्याजवळ राहील, पण तुझ्या जिवाला धोका वाटला तर मला इतरांना सांगावं लागेल’ हे पहिल्याच बैठकीत सांगायला हवं, ते याचसाठी. सरांनी दुसऱ्या दिवशी विचारलं. मुलगा ठीक होता. गोंधळलेला होता, खचलेला नव्हता. वडिलांना फोन करायचा का, हेही सरांनी त्यालाच विचारलं. तो म्हणाला, आत्ता नको.

मग मी सरांना मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्शिया यांच्या कामाबद्दल सांगितलं. किशोरवयाचं मुख्य काम म्हणजे स्वतःची ओळख घडवणं, ही मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांची मांडणी 1950ची. मार्शिया यांनी 1966 मध्ये महाविद्यालयीन तरुणांच्या मुलाखती घेऊन ती तपासता येईल अशी केली. दोनच गोष्टी बघायच्या: मुलाने पर्याय धुंडाळलेत का आणि कशाला बांधून घेतलंय का. यातून चार अवस्था निघतात. ना शोध ना निश्चय, ही एक. शोध घेऊन केलेला निश्चय, ही दुसरी. उरलेल्या दोन अवस्था मेंटरला चकवतात. न शोधताच निश्चय केलेलं, दुसऱ्याचं उत्तर स्वतःचं म्हणून घेतलेलं मूल बाहेरून सर्वांत स्थिर दिसतं. शोध चालू आहे पण निश्चय झालेला नाही, असं मूल विस्कटलेलं दिसतं आणि त्याला चिंताही जास्त जाणवते. न शोधता केलेल्या निश्चयातून अशा शोधात जाणारं मूल मागे गेल्यासारखं वाटतं. बहुतेक वेळा ते पुढे सरकलेलं असतं.

सरांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. पण मला तिथे थांबायचं नव्हतं, कारण ‘काहीच’ हा शब्द मला खटकत होता. मी प्रत्येक मेंटरकडून बैठकीची आठवेल तेवढी शब्दशः नोंद लिहून घेते. सरांची वही उघडली.

"तुला इंजिनिअर का व्हायचंय?"
"बाबांना वाटतं, मला जमेल."
"म्हणजे यात तुझं स्वतःचं असं काहीच नाही?"

त्याखाली मुलाचं वाक्य होतं. सरांनी ते दोनदा वाचलं आणि वही मिटली. "हा ‘काहीच’ माझा आहे."

तो त्यांचाच होता. वडिलांचं उत्तर काढून घेऊन तिथे सरांनी स्वतःचा निकाल ठेवला होता. यात त्यांच्याइतकीच चूक माझी. पहिल्या सत्रात मी सगळ्यांना प्रश्नांची यादी दिली होती आणि त्यात तीन प्रश्न ‘का’ने सुरू होणारे होते. ‘का’ विचारलं की मूल स्वतःचा बचाव करू लागतं. ती यादी मी तेव्हापासून कुणाला दिलेली नाही.

पुढचं सत्र आम्ही फक्त गप्प राहण्यावर घेतलं. मेरी बड रो या संशोधिकेने वर्गांतल्या संभाषणांच्या ध्वनिफिती ऐकून दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंदच थांबतात. तोच अवकाश तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांबतात आणि ‘माहीत नाही’ कमी होतं. मी विद्यार्थी झाले, सर मेंटर. पहिल्या चार प्रयत्नांत त्यांनी माझं उत्तर स्वतःच देऊन टाकलं. तीस वर्षं उत्तरं शिकवलेल्या माणसाला तीन सेकंद किती जड जातात, हे मी त्या दिवशी जवळून पाहिलं.

पुढच्या बैठकीत त्यांनी आधी कबुली दिली, "मागच्या वेळी मी घाईने बोललो. ते माझं मत होतं, तुझं नाही." मग विचारलं, "गेल्या महिन्यात असं काय करत होतास की वेळेचं भान राहिलं नाही?" बऱ्याच वेळाने मुलगा बोलला. बोलताना अडखळणाऱ्या एका वर्गमित्राची तोंडी परीक्षेची तयारी त्याने तीन संध्याकाळी करून घेतली होती. तो नेमका कुठे अडतो हे शोधून काढायला मजा आली, म्हणाला.

सर उत्साहाने मला सांगायला आले, "याने शिक्षक व्हायला हवं!" मी म्हटलं, सर, पुन्हा निकाल. मानसशास्त्रज्ञ विल्यम डेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये आयुष्यातल्या उद्दिष्टाची जी व्याख्या केली, तिचे दोन पाय आहेत: ते स्वतःला अर्थपूर्ण वाटावं आणि स्वतःपलीकडच्या जगालाही त्याचा उपयोग व्हावा. त्या तीन संध्याकाळींत दोन्ही होतं. पण तो एक धागा होता, पेशा नव्हे. मग सर आणि मुलाने मिळून पंधरा दिवसांचा छोटा प्रयोग ठरवला: दोन धाकट्या मुलांना शिकवायचं आणि रोज दोन ओळी लिहायच्या. एकाला शिकवणं त्याला आवडलं. दोघांना एकत्र शिकवणं त्याला अजिबात आवडलं नाही, हे त्याने ठळक अक्षरांत लिहिलं.

प्रवेशाचा अर्ज भरायला अजून दोन महिने आहेत. इंजिनिअरिंग त्याने सोडलेलं नाही, धरलेलंही नाही. वडिलांशी बोलायचं त्याने स्वतःच ठरवलंय आणि सुरुवात कशी करायची याचा सराव तो सरांसोबत करतो आहे. परवा सरांची नवी नोंद आली. त्यांचा एक प्रश्न, त्यापुढे कंसात ‘थांबलो’. पुढच्या ओळीत पुन्हा ‘थांबलो’. त्याखाली पानभर, मुलाचं बोलणं.