युगांडात मिशन पथकासोबत हापसे दुरुस्तीला जाताना काय तयारी करावी?

सलाम. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जालना जिल्ह्यातल्या तुमच्या ख्रिस्ती मंडळीतून (चर्चमधून) सहा जणांचं पथक तीन आठवडे युगांडात सेवेला जातंय. तुम्ही हापसे दुरुस्त करता, इंग्रजी जेमतेम. तिथं तुमचा उपयोग काय आणि तयारी कोणती?

उपयोग भरपूर आहे. युगांडाच्या खेड्यांत ठिकठिकाणी जो ‘यू-टू’ हापसा दिसतो, तो म्हणजे आपलाच इंडिया मार्क टू. त्याचं मूळही तुमच्याच भागात आहे. १९६० च्या दशकाच्या शेवटी जालन्याच्या स्कॉटिश मिशननं बिडाचे तकलादू पंप सोडून पोलादी ‘जालना पंप’ बनवला. त्यावरून सोलापूर पंप निघाला आणि १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीनं मार्क टू. त्यामुळं चेन, हँडल, बेअरिंग, १२ मिलिमीटरचे रॉड, ३२ मिलिमीटरचे तीन-तीन मीटरचे पाइप, सगळं ओळखीचं निघेल.

फरक पाण्यात आहे. आपल्या काळ्या खडकातलं पाणी क्षारांचं, जड. तिकडं बऱ्याच भागांत जुना ग्रॅनाइटसारखा खडक आहे आणि पाणी किंचित आंबट असतं. अशा पाण्यात जस्ताचा मुलामा दिलेला पाइप फार लवकर गंजतो. पाणी तांबूस येतं, चहा काळा पडतो, कपड्यांवर डाग पडतात, आणि बाया हापसा सोडून पुन्हा डबक्यावर जातात. तिथं नुसतं वायसर बदलून उपयोग नाही. पाइप उपसल्यावर आटे खाल्लेले दिसले तर त्याच जातीचा नवा पाइप टाकू नका. स्टेनलेस स्टीलचा किंवा पीव्हीसीचा लागतो. पीव्हीसी पाइपवर चालणारा ‘यू-थ्री-एम’ त्यासाठीच आहे. यू-थ्री, म्हणजे आपला मार्क थ्री, यात पाइप ६५ मिलिमीटरचा असतो आणि दट्ट्या पाइप न काढता वर येतो. कोणता पंप आहे ते जाण्याआधी फोटो मागवून बघून घ्या, कारण अवजारं त्यावर ठरतात.

पोचल्यावर लगेच पाना लावू नका, आधी मापं घ्या. पाणी सुरू करून मिनिटाला ४० दांडे मारा आणि बादलीत मोजा. दहा लिटरच्या खाली भरलं तर दट्ट्यावरचे बकेट वायसर झिजलेत. मग अर्धा तास हापसा बंद ठेवा आणि पाणी तोंडाशी यायला किती दांडे लागतात ते मोजा. पाचाच्या वर गेलं तर फूट व्हॉल्व्ह, म्हणजे तळाची झडप, गळतोय किंवा पाइपाच्या जोडात गळती आहे. दांडा हलका लागतोय आणि पाणी अजिबात नाही, तर बहुधा रॉड सुटलाय किंवा तुटलाय. बोअर ४५ मीटर असेल तर १५ पाइप आणि रॉड मिळून दोनशे किलोच्या आसपास वजन पाइप धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पवर येतं. क्लॅम्पचे दात गुळगुळीत असतील तर ते सगळं खाली जाईल आणि चांगला बोअर कायमचा वाया जाईल. अशा वेळी सहा जणांनी एकदम ओढायची हौस नको. एकानं हुकूम द्यायचा, बाकीच्यांनी ऐकायचं.

तो हुकूम तुम्ही द्यायचा नाही. युगांडात जिल्ह्याजिल्ह्यांत हापसे दुरुस्त करणाऱ्यांच्या संघटना आहेत, जिल्ह्याला पाणी अधिकारी असतो, गावात पाणी समिती असते. बाहेरच्या पथकानं फुकटात दुरुस्ती केली की समिती वर्गणी गोळा करणं सोडते, स्थानिक मिस्त्रीचं काम बुडतं, आणि पुढच्या वेळी वायसर गेलं की हापसा तसाच उभा राहतो. म्हणून तिथल्या मंडळीकडून आधी पत्र घ्या: कोणत्या गावचे किती हापसे, मिस्त्री कोण, सुटे भाग कुणाच्या पैशानं. असं पत्र येत नसेल तर तारीख पुढं ढकलावी असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्ही त्या मिस्त्रीच्या हाताखाली काम करा, तुमचं ज्ञान आपोआप त्याच्याकडं जाईल. सुटे भाग राजधानी कंपालात मिळतात. इथून फक्त चांगले क्लॅम्प आणि पाने न्या. ते चेक-इन सामानातच टाका आणि सोबत यादी, अंदाजे किंमत अन् यजमान मंडळीचं पत्र ठेवा, म्हणजे एन्टेबे विमानतळावर कस्टमला दाखवता येईल.

हेच पत्र व्हिसाच्या वेळीही उपयोगी पडतं. भारतीयांना ई-व्हिसा आधी ऑनलाइन काढावा लागतो, एकदा प्रवेशाचा ५० डॉलरला. पण पर्यटक व्हिसावर जाऊन दुरुस्तीचं काम किंवा प्रचार करणं चुकीचं आहे, काम बिनपगारी असलं तरी. अल्प मुदतीच्या कामासाठी ‘स्पेशल पास’ असतो, तो यजमानांकडून करवून घ्या. अर्जात खरं लिहा.

पैशांबद्दल दोन गोष्टी, कारण मंडळ्या इथंच फसतात. परदेशी संस्थेनं तिकिटासाठी पाठवलेले पैसे स्वतःच्या किंवा पाळकांच्या खात्यात घेऊ नका. ती एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांवरच्या कायद्याखाली येणारी देणगी आहे. त्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच आणि तीही स्टेट बँकेच्या दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच घेता येते. दुसरं, मंडळीच्या ट्रस्टनं परदेशात केलेला खर्च आयकराच्या सवलतीत बसत नाही, त्याला वेगळी मंजुरी लागते. त्यापेक्षा ज्यानं त्यानं आपला खर्च करावा, ते सरळ. डॉलर नेताना २०१३ नंतरच्या, न दुमडलेल्या नोटा मागून घ्या. जुन्या नोटा तिकडं नाकारतात.

पिवळ्या तापाची लस सगळ्यात आधी. मुंबई-पुण्याच्या अधिकृत केंद्रात पासपोर्ट घेऊन जावं लागतं. एका कुपीत बरेच डोस असतात आणि कुपी फोडली की सहा तासांत संपवावी लागते, म्हणून केंद्रं ठरावीक वारी बोलावतात. वार विचारूनच गाडी पकडा. कार्ड दहा दिवसांनी लागू होतं आणि आयुष्यभर चालतं. ते नसेल तर परत येताना भारतातच सहा दिवस विलगीकरणात ठेवतात. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील किंवा वय साठीच्या पुढं असेल तर आधी डॉक्टरांना सांगा.

मलेरिया तिथं जीवघेण्या फाल्सिपेरम जातीचा आहे आणि आपल्या ओळखीचं क्लोरोक्विन त्यावर चालत नाही. डॉक्टर बहुधा डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅम लिहितील: जाण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून रोज एक, परतल्यावर आणखी चार आठवडे. भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि गिळून लगेच आडवे होऊ नका, अन्ननलिका भाजते. या गोळीनं ऊन जास्त लागतं, त्यामुळं हापशावर पूर्ण बाह्या आणि टोपी. व्हिक्टोरिया तलावात पाय बुडवू नका. त्या पाण्यातला बिल्हार्झिया या रोगाचा बारीक जंत कातडीतून आत शिरतो.

जेवण अडणार नाही. पोशो म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, माटोके म्हणजे उकडलेली हिरवी केळी, सोबत शेंगदाण्याचं कालवण. चपाती याच नावानं मिळते.

तिथल्या चर्चमध्ये तुमच्या विश्वासाची साक्ष द्यायला उभं करतीलच. तुमचं मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून लुगांडा या तिथल्या भाषेत जाईल, म्हणजे पाच मिनिटांची पंधरा होतात. वाक्यं छोटी ठेवा आणि बायबलच्या वचनांचे संदर्भ दुभाष्याला आधी इंग्रजीत लिहून द्या; ‘स्तोत्रसंहिता’ किंवा ‘प्रेषितांची कृत्ये’ ऐन वेळी त्याला उमगणार नाही. काम करणाऱ्या माणसाला भेटलात की ‘ज्येबाले को’ म्हणा, म्हणजे ‘कष्ट केलेस, शाबास’. आभाराला ‘वेबाले न्यो’. लेकरांचे फोटो आणि खिशातून पैसे वाटणं टाळा. ३ जूनच्या आसपास जाऊ नका. कंपालाजवळच्या नामुगोंगोला ख्रिस्ती शहीदांच्या दिवसाची यात्रा असते आणि कंपालाभोवतीचे रस्ते माणसांनी भरतात.

परतल्यावर तीन महिन्यांत कधीही ताप आला तर आपल्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच ‘युगांडाहून आलोय’ असं सांगा. नाहीतर ते टायफॉइड नाहीतर डेंग्यू धरून चालतात. त्याच दिवशी मलेरियासाठी रक्त तपासायला सांगा. पहिला अहवाल निगेटिव्ह आला तरी बारा ते चोवीस तासांनी पुन्हा तपासून घ्या.