कंट्रोल मरतोय? आधी प्लेटमधले शेजारचे वेल (खळगे) बघा

संत्र्याच्या पानांच्या तेलाची एमटीटी (जिवंत पेशी जांभळा रंग देतात ती चाचणी) केली तर तेल न घातलेल्या पेशीच, म्हणजे कंट्रोलच, अर्ध्या मेल्या, आणि जंतूंच्या चाचणीत तेलाच्या डिस्कभोवतीचा जंतू न वाढलेला झोन कधी १८ मिमी तर कधी ९, हे तुमचं वाचलं आणि माझं एमएस्सीचं शेवटचं सेमिस्टर डोळ्यापुढे आलं.

काटोलहून पोतंभर पानं आणायची, क्लेव्हेंजर (वाफेवर तेल काढायचं काचेचं उपकरण) तीन तास चालवायचं आणि अर्ध्या किलोतून हाती जेमतेम मिलीभर तेल. ते पुरवायचं म्हणून मी सगळे डोस एकाच ९६ वेलच्या प्लेटमध्ये कोंबले. कंट्रोल ठेवला सगळ्यात तीव्र डोसच्या शेजारी. तिथेच घात झाला. हे तेल उडतं हो! ३७ अंशांवर झाकणाखाली चोवीस तास वाफ फिरते आणि शेजारच्या वेलमध्ये उतरते.

पेशींचं काम पैसे भरून बाहेरच्या एका लॅबला दिलं होतं. त्यांनी सहीशिक्क्यासह आयसी-५०चा (पेशी निम्म्यावर आणणाऱ्या डोसचा) एक आकडा दिला, बस. कच्ची रीडिंग मागितली तर "साहेब रजेवर". मे महिन्याच्या उन्हात चार चकरा मारल्यावर एक्सेल शीट हाती आली. कंट्रोलच्या आठ वेलपैकी एकही धड जांभळा झाला नव्हता. दूरच्या कोपऱ्यातले सगळ्यात कमी डोसचे वेल मात्र चांगले गडद. आकडा छापताना कोणाला दिसलं नाही? पुन्हा करायचं तर म्हणे पुन्हा फी.

माझं मत (मी काही सेल बायोलॉजीवाला नाही, गाईडला विचारूनच करा): कंट्रोल वेगळ्या प्लेटमध्ये ठेवा, तीव्र डोसही वेगळे. सीलिंग फिल्मवर भिस्त नको. पेशींना सीओटू लागतो, आणि ज्या फिल्ममधून तो आत जातो तिच्यातून वाफही जाते. नुसत्या डीएमएसओचा (तेल ज्यात विरघळवतो त्या द्रावकाचा) कंट्रोल हवाच. शिवाय पेशी न टाकता तेल आणि एमटीटीचा एक वेल ठेवा, काही तेलं स्वतःच रंग देतात.

झोनचं म्हणाल तर तेल अगारमध्ये (जंतू वाढवायच्या जेलीत) नीट झिरपत नाही, वरवर पसरतं. त्यात पेट्रीडिशच्या कडेला पॅराफिल्म (मेणासारखी ताणणारी पट्टी) नसेल तर संपलंच. ब्रॉथमध्ये (पातळ माध्यमात) एमआयसी, म्हणजे जंतूंची वाढ थांबवणारा सगळ्यात कमी डोस, काढा. तेल तरंगू नये म्हणून ०.१५ टक्के अगार घाला, ट्वीनपेक्षा (तेल पाण्यात मिसळवणारं साबणासारखं रसायन) मला तेच बरं वाटतं. आणि तेल प्लास्टिकमध्ये ठेवू नका, पॉलिस्टायरीन चिकट होतं. तपकिरी काचेची बाटली, फ्रीजमध्ये.

एक राहिलं. कॅन्सरच्या पेशींसोबत साध्या, निरोगी पेशींची लाइन नसेल तर 'कॅन्सरवर गुणकारी' लिहू नका राजेहो. फिनाइलनेही पेशी मरतात.

प्लेटचा लेआउट इथे टाका, कंट्रोल कोणत्या कॉलममध्ये आहे ते बघू.