सगळे साहेब बाहेर, घरचे आत

प्रश्न : ताई, मुलगी न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला सोशल वर्क शिकतेय. ट्रेनिंगमध्ये एका मुलाच्या मीटिंगला बसली तर मधेच सोशल वर्कर, टीचर, वकील सगळे उठून बाहेर, आणि मूल कुणाकडे राहणार ते म्हणे नातेवाईक आत ठरवणार! पोराला मारणारे घरातलेच असतात ना? वर सुरुवातीला प्रार्थना, शेवटी खाणंपिणं. हे सरकारी काम की बारसं?
– एक आई, ठाणे

उत्तर : बारसं आवडलं मला! त्याला फॅमिली ग्रुप कॉन्फरन्स म्हणतात, १९८९ च्या कायद्याने आली. त्याआधी तिथल्या मूळच्या माओरी लोकांची पोरं सरळ उचलून सरकारी बालगृहात नाहीतर परक्या घरी ठेवायचे, त्यात १९५५ च्या दत्तक कायद्याने जन्मदात्यांचं नावच झाकून टाकलेलं, आणि माओरींची फांगाई पद्धत बरोब्बर उलटी, मूल आजीकडे-मावशीकडे वाढतं पण आईबाप कोण हे त्याला पहिल्यापासून ठाऊक. १९८६ मध्ये जॉन रांगिहाउंच्या समितीने 'पुआओ-ते-आता-तू' म्हणजे पहाट या रिपोर्टमध्ये वेल्फेअर खात्यालाच वंशभेदावरून धारेवर धरलं, मग कायदा बदलला.

तुमची भीती खोटी नाहीये. पण बाहेर जायच्या आधी साहेब लोक सगळी माहिती सगळ्यांसमोर मांडतात, आणि आत फक्त आईबाप नसतात, फानाउ म्हणजे भावकीसकट अख्खं गणगोत असतं, मारणाऱ्याची आत्या, आजी, मोठा चुलता समोर बसलेला. ज्याच्या येण्याने मुलाचं नुकसान होईल त्याला मीटिंग बोलावणारा कोऑर्डिनेटर येऊच देत नाही. शिवाय ठरलेलं सोशल वर्करला पटलं नाही तर प्रकरण कोर्टात जाऊ शकतं.

खरी गोची वेगळीच आहे. गणगोत शोधून गोळा करायला वेळ लागतो, आणि दोनचार जणांना बोलावून उरकलेली मीटिंग म्हणजे साहेबांनीच ठरवून सही घेतल्यासारखं, मला ते जास्त घातक वाटतं. त्यात माओरी मुलांची परवड कमी करायची जबाबदारी खात्याच्या प्रमुखावर टाकणारं कलम २०१९ मध्ये लागू झालं होतं, ते २०२५ मध्ये काढूनच टाकलं. लेकीला विचारा, तिच्या मीटिंगला गणगोतातले किती जण होते?

आणि खाणंपिणं. काराकिया म्हणजे प्रार्थना झाली की मीटिंग 'तापू' होते, आपल्या सोवळ्यासारखं काहीतरी, आणि एकत्र खाल्लं की माणसं पुन्हा 'नोआ', म्हणजे रोजच्या जगात. तेव्हा तिला सांगा, मीटिंग संपली म्हणून बॅग उचलून पळू नकोस, चहा घे.